उपकारकर्त्याचे स्मरण आणि सत्य

सिन्नर परिसरातील पुष्कळ कुटुंबांत एखादे नातलग असे असते, की ज्याच्या कष्टांवर पुढची पिढी उभी राहते. कुणाची मावशी विड्या वळून भाच्यांची फी भरते. कुणाचा काका माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पुतण्याला हाताशी धरून काम शिकवितो. असे माणूस प्रभुघरी गेले, म्हणजे ते कधी रागावले नाही, त्याने कधी कुणाला दुखविले नाही, असे सारेच बोलू लागतात. ज्यांनी त्याचा राग सोसला, ती घरची माणसे तेवढी गप्प असतात. अशा वेळी आम्हांस प्रश्न पडतो, की ज्याचे आपण ऋणी आहोत, त्याच्या उणिवा झाकणे हे प्रेमाचे कर्तव्य आहे काय?

याचे एक उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच सापडते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांना लिहावाचावयास शिकविले ते त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. पती हेच त्यांचे गुरू. टिळक १९१९ साली निवर्तले आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. या दांपत्याचा पंथ आपल्याहून निराळा. परंतु त्यांचा धडा आपल्यालाही लागू आहे. या ग्रंथात टिळकांचा शीघ्रकोप आहे, घरात चणचण असताना हातचे पैसे वाटून टाकणे आहे, त्यांच्या १८९५ मधील धर्मांतरानंतर पत्नीला सोसावा लागलेला विरहही आहे. तरीही ग्रंथ मिटताना टिळकांविषयीचा आदर उणावत नाही. त्यांचे औदार्य खरे वाटते, कारण त्यांचा रागही खरा सांगितलेला आहे.

संत ऑगस्टीन यांनीही हेच केले. त्यांची माता संत मोनिका हिचे ३८७ साली ओस्तिया येथे निधन झाले. 'कन्फेशन्स'च्या नवव्या भागात तिचे स्मरण करताना, कुमारवयात तिला चोरून द्राक्षारस पिण्याची सवय लागली होती, हेही ते लिहितात. आणि तिच्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना करतात.

मृताला आपणच घाईने संतपद दिले, तर दोन हानी होतात. एक, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची निकड आपल्याला वाटेनाशी होते. दुसरी, मुलांना वाटते की चांगुलपणा हा निर्दोष माणसांचाच प्रांत आहे. आपल्यासारख्या रागीट, चुकणाऱ्या माणसाचे ते काम नव्हे. याउलट, तापट काकाने स्वभावाशी झगडतच चार मुले शिकविली, हे कळले तर त्या मुलांना धीर येतो.

अर्थात, सत्याच्या नावाखाली मृताची उणीदुणी चव्हाट्यावर मांडणे हेही पापच. दुसऱ्याचे दोष सबळ कारणाविना उघड करणे, ही त्याच्या सुकीर्तीची हानी होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून बोलण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे: हे आम्ही कोणत्या हेतूने सांगत आहोत? लक्ष्मीबाईंनी जे सोसले तेच सांगितले, आणि तेही हसतमुखाने, सूड न घेता.

तेव्हा वाचकहो, येत्या २ नोव्हेंबरला कबरीवर फुले वाहताना आपल्या उपकारकर्त्याला तो होता तसाच आठवू या. त्याने दिलेल्याबद्दल देवाचे आभार मानू या, आणि त्याच्या हातून जे राहून गेले त्यासाठी दया मागू या. ही दोन्ही वाक्ये एकाच प्रार्थनेत मावतात.