खोड सांगून विकणे

तो मेसेज मी सहा वेळा लिहिला. पाच खोडले, सहावा पाठवला. या लेखाचा विषय तो सहावा मेसेज आहे, कारण खोडलेल्या पाचांबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो. गाव बीड जिल्ह्यात, धारूरकडच्या बालाघाटच्या डोंगरात. लॉकडाऊनमध्ये गावातून काम करत होतो, तेव्हा रात्रीचा एक जोडधंदा लागला. डोमेन नावं घ्यायची आणि विकायची. डोमेन म्हणजे वेबसाईटचा पत्ता. जो पहिला नोंदवेल त्याचा, तेव्हा वर्षाला हजाराच्या आत खर्च यायचा. उद्या कुणाला लागेल असं नाव हेरायचं, नोंदवायचं, मग ज्याला लागेल त्याला शोधून मेसेज करायचा. बहुतेक लोक उत्तरच देत नाहीत. म्हणून सगळा धंदा त्या चार ओळींत असतो.

आमचा डोंगर सीताफळाचा. ‘बीड सीताफळा’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी डोंगराचं नाव आणि फळाचं नाव जोडून एक डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं. जिल्ह्यातच सीताफळाचा गर काढून विकणारा एक छोटा कारखानदार सापडला. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘आणखी एक पार्टी मागे लागली आहे.’ पार्टी नव्हतीच. खोडलं. दुसऱ्यात लिहिलं, ‘उद्या हे नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तर?’ हे खोटं नव्हतं, पण वाचताना मलाच धमकी वाटली. खोडलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘नमस्कार काका. मी धारूरकडचाच. हे नाव माझ्याकडे आहे, तुमच्या मालाला शोभेल. १५ हजारांत देतो. मालकी तुमच्या नावावर करून देईन.’

दहा मिनिटांत फोन आला. “आपल्याच भागातला पोरगा हाईस. तू म्हणतूस तर घेतो.” घासाघीस नाही. पैसे आले.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. हेच नाव डॉट इनमध्ये मोकळं पडलेलं होतं. काही शे रुपयांत कुणीही घ्यावं.

कायद्याने मी स्वच्छ आहे. एका माणसाने १९९९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या नावाचं डॉट कॉम नोंदवलं आणि त्या कंपनीलाच एक हजार डॉलरला देऊ केलं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नव्या नियमांखाली दाखल झालेला तो पहिला वाद. जानेवारी २००० मध्ये निकाल लागला, नाव कंपनीला मिळालं. विकायला काढणारा त्याचा निरोपच त्याच्या विरोधातला पुरावा ठरला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं की डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, व्यापारी नावासारखं त्यालाही संरक्षण आहे. थोडक्यात, दुसऱ्याने कमावलेलं नाव अडवून त्यालाच विकू नका. मी तर एक डोंगर आणि एक फळ जोडलं होतं. त्यावर कुणा एकाचा हक्क नव्हता.

पण कायद्याची रेघ संपते तिथे प्रश्न संपत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात एक पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोचतो. त्याला माहीत आहे की मागून आणखी गलबतं येताहेत. त्याने लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्याने जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांग, खोटं बोलू नकोस, बाकी माल तुझा आणि भाव तुझा. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगितलंच पाहिजे, कारण माणसं एकमेकांची आहेत. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने झुकतो. प्रत्येक गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे, पण समोरच्याच्या कामाची गोष्ट त्याला कळू नये असं आपल्या फायद्यासाठी वाटणं, हे लपवणंच.

डॉट इन ही माझी मागून येणारी गलबतं होती.

यावर डायोजेनिसच्या वतीने बोलता येतं, आणि मी बरेच दिवस तेच बोललो. माहितीला किंमत असते. रात्री जागून नाव मी शोधलं. सगळंच सांगायचं तर व्यापार कसा चालेल? हे म्हणणं पोकळ नाही. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात विकणारा सगळं सांगत नाही आणि कुणी त्याला पापी म्हणत नाही. पण तिथे घेणारा बैलाचे दात मोजतो, पाठीवर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. त्याला डोळे आहेत. मगच रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. माझ्या काकांना डोमेनचे दात मोजता येत नव्हते. ज्याला तपासता येतं त्याच्यासमोरचं मौन आणि ज्याला येत नाही त्याच्यासमोरचं मौन, ही दोन वेगळी मौनं आहेत.

आणि त्याहून अवघड गोष्ट ही की मी मौनाचा हक्क पहिल्याच ओळीत गमावला होता. ‘मी धारूरकडचाच’ असं लिहून मी त्यांना तपासू नका, विश्वास ठेवा, असंच सांगत होतो. अँटिपेटरचं नातं सांगून ओळख काढायची आणि भाव डायोजेनिसचा लावायचा, हे दोन्ही एकाच मेसेजात बसत नाही. मी अनोळखी विक्रेता म्हणून लिहिलं असतं तर कदाचित कमी दोषी असतो. पण मग त्यांनी घेतलंही नसतं.

मी दहावीत असताना आण्णांनी एक बैल विकला होता. गिऱ्हाईक ठरलं, आणि आण्णांनी स्वतःहून सांगून टाकलं की हा औतात बसतो. भाव पडला. मी चिडलो, कारण त्या पैशांतून माझी फी जायची होती. आण्णा म्हणाले, “उद्या बैल त्याच्या दावणीला असणार. खोड त्याला कळणारच हाय. तवा तो माझं नाव घेईल.”

वर्षभराने काकांचा फोन आला. “नूतनीकरणाचे पैसे भरा म्हणून मेल आलाय. हे कसलं? इकत घेतलं होतं ना आपण?” डोमेन विकत मिळत नाही. ते भाड्याने असतं, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, भाडं थकलं की गेलं. माझ्या धंद्यात सगळेच ‘मालकी’ म्हणतात, म्हणून मीही लिहिलं होतं. ज्या मेसेजात एकही खोटा शब्द नाही असं मला वाटत होतं, त्यात एक होता.

त्या दिवशी सगळं सांगितलं. डॉट इनचंही. निम्मे पैसे परत देतो म्हटलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पैशाचं ऱ्हाऊ दे. तवा सांगितलं असतंस तरी म्या हेच घेतलं असतं. पण आता ते कसं कळायचं?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी त्यांच्याकडून जास्तीचे पैसे घेतले असतील किंवा नसतीलही. पण त्यांचं ठरवणं मी घेतलं, आणि ते परत करता येत नाही. डॉट इन मी माझ्या खर्चाने त्यांच्या नावावर नोंदवून दिलं, ते माझ्या समाधानासाठी.

नावं मी अजून विकतो. मेसेज लांबला आहे. हे भाडं आहे, वर्षाला इतकं पडतं. याच नावाचे अमुक अमुक पत्ते आज मोकळे आहेत. नको असेल तर तुमचं काही अडत नाही. बहुतेक लोक उत्तर देत नाहीत, तसे ते आधीही देत नव्हते. जे घेतात ते घासाघीस करून घेतात.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा नवा मेसेज आण्णांना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकला आणि विचारलं, “तुला कितीला पडलं, ते लिहितूस का?”

ते मी अजून लिहिलेलं नाही.