धक्क्यावरचे पहारेकरी



आज सामान्य काळातील २३ वा रविवार. पहिल्या वाचनात परमेश्वर यहेज्केल संदेष्ट्याला इस्राएल घराण्याचा पहारेकरी नेमतो. चुकणाऱ्याला सावध न करता तू गप्प बसलास, तर त्याच्या नाशाचा जाब मी तुला विचारीन, असे तो त्याला बजावतो. शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो, की भाऊ चुकला तर आधी तू एकटा त्याच्याकडे जा. ऐकायला किती सोपे! आपण मात्र भाऊ सोडून बाकी सगळ्यांकडे जातो.

ही वाचने वाचताना मला कॅलिफोर्नियातील एक सेवाकार्य आठवले. तिथे पुष्कळ लोक हौसेखातर स्वतःची बोट बाळगतात. या बोटींमुळे पाणी बिघडू नये म्हणून कॅलिफोर्निया कोस्टल कमिशन आणि राज्याचा नौकानयन विभाग मिळून एक कार्यक्रम चालवतात. त्यात 'डॉकवॉकर' म्हणजे धक्क्यावर फिरणारे स्वयंसेवक असतात. त्यांना काही तासांचे प्रशिक्षण मिळते. मग ते सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर, इंधन भरण्याच्या जागी बोटवाल्यांना गाठून समोरासमोर बोलतात. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःही बोट चालवणारे असतात. दंड करण्याचा अधिकार त्यांना नाही. हातात पावतीपुस्तक नाही, असते ती एक भेटपिशवी.

त्या पिशवीत एक साधी वस्तू असते: पाणी न घेता फक्त तेल शोषणारा जाड रुमाल. बोटीच्या तळाशी नेहमी थोडे पाणी साचते आणि इंजिनातून ठिबकणारे तेल त्यात मिसळते. पाणी वाढले की पंप आपोआप सुरू होतो आणि तेलासकट सगळे समुद्रात जाते. मालक तेव्हा घरी झोपलेला असतो. त्याच्या मनात कोणाचे वाईट करायचे नसते, तरी नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून तो रुमाल तळाशी ठेवायचा. टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण उन्हाने इंधन फुगते आणि बाहेर सांडते. शौचालयाची टाकी बंदरातील उपसा केंद्रावरच रिकामी करायची.

एक गोष्ट मला विशेष भिडली. पाण्यावर तेल सांडले की काही लोक त्यावर भांडी घासायचा साबण ओततात. तेलाचा तवंग क्षणात नाहीसा होतो. पण तेल कुठे जात नाही. ते बारीक थेंब होऊन खाली पाण्यात मिसळते, माशांपर्यंत पोहोचते, आणि मग ते टिपून घेता येत नाही. अमेरिकेच्या कायद्याने हे निषिद्ध आहे. पापसंस्काराला बसणाऱ्या धर्मगुरूला हा साबण चांगला ओळखीचा असतो!

संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुत्वाने चूक दाखवण्याविषयी सविस्तर लिहिले आहे. सेमिनरीत ते शिकताना आम्हाला ते कोरडे वाटायचे. ते दोन प्रकार सांगतात. एक न्यायाचा: तो अधिकाऱ्याचा, त्यात शिक्षाही येते. दुसरा प्रीतीचा: तो प्रत्येकाचा, कारण भावाचे भले इच्छिणे हे काम कोणा एकाला नेमून दिलेले नाही. प्रजेनेही आपल्या धर्माधिकाऱ्याची चूक दाखवावी, मात्र नम्रतेने व आदराने, असे ते लिहितात. (हे वाक्य मी मुद्दाम गाळलेले नाही.) धक्क्यावरचा स्वयंसेवक हा दुसऱ्या प्रकारचा माणूस. तो पोलिसांना बोलावत नाही, चारचौघांत कुणाला ओरडत नाही. आधी बोटीची चौकशी करतो, मग तळाच्या पाण्याचा विषय काढतो, आणि उपाय हातात देऊनच पुढे जातो.

आपल्याकडे हौशी बोटी नाहीत, पण बावखले आहेत. काही बुजली. जी उरली त्यांत कोण काय टाकतो, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच्याबद्दल ओट्यावर चर्चा होते, ग्रामसभेत निनावी टोमणे होतात, माझ्याकडे चिठ्ठ्या येतात. 'फादर, तुम्ही व्यासपीठावरून सांगा.' व्यासपीठावरून मी सांगतो ते सगळ्यांना लागू पडते, म्हणजे कोणालाच लागत नाही. त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन, चहा घेऊन, 'बाबा, हे सांडपाणी वळवायला मी तुला हात देतो' असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कदाचित तो गुपचूप जाऊन आला असेल; तसे असेल तर त्याने शुभवर्तमान अगदी अक्षरशः पाळले.

सप्टेंबरच्या १ तारखेपासून ४ ऑक्टोबरपर्यंत ख्रिस्तसभा सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करते. या दिवसांत ज्यांना असे जाणे जड वाटेल, त्यांच्यासाठी प्रभूने पुढची पायरीही सांगितली आहे: एकदोघांना सोबत घ्या. मला हाक मारलीत तर मीही येईन. पण त्याआधी तुम्ही एकदा एकटे जाऊन या.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू