हजर आणि सामील

डेन्व्हरच्या विधानभवनासमोर १९०९ पासून एक ब्राँझचा सैनिक उभा होता. घोड्यावरून उतरलेला स्वार. २५ जून २०२० रोजी लोकांनी तो खाली ओढला. अमेरिकन यादवी युद्धात कोलोरॅडोच्या स्वयंसेवकांनी केलेल्या लढायांची यादी त्याच्या चौथऱ्यावर होती आणि त्या यादीत सँड क्रीक हे नाव होतं. पुतळा पडल्यावरचा वाद ठरलेल्या रुळावरून गेला. इतिहास पुसला जातोय अशी एका बाजूची ओरड, तर मारेकऱ्यांचं स्मारक हवंच कशाला, असा दुसरीचा सवाल. त्या यादीत नेमकं काय मोजलं जातं, हे मात्र दोन्ही बाजूंनी पाहिलं नाही.

स्वयंसेवक रेजिमेंटांचे सेवा-इतिहास एकाच साच्यातले असतात. फ्रेडरिक डायरने १९०८ मध्ये छापलेला जाडजूड संग्रह हा त्या साच्याचा नमुना. रेजिमेंट कुठे उभी राहिली, कोणत्या विभागाला जोडली गेली, कुठल्या तारखेला कुठे चकमक झाली, किती माणसं गोळीने गेली आणि किती रोगाने. तुटक तुकड्यांची ही भाषा. क्रियापद क्वचित, कर्ता त्याहून क्वचित. संशोधकाला ती सोन्यासारखी, आणि तिची थट्टा करण्याचं काही कारण नाही. पण तो हजेरीपट आहे. हजेरीपटावरून वर्गात कोण होतं ते कळतं. खिडकीची काच कोणी फोडली ते कळत नाही.

‘फर्स्ट कोलोरॅडो’चंच पाहू. १८६१ मध्ये खाणकामगार आणि इतर उपऱ्यांतून ही रेजिमेंट पायदळ म्हणून उभी राहिली. मार्च १८६२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीत टेक्सासहून आलेल्या दक्षिणी फौजेशी तिची गाठ पडली. मेजर जॉन शिव्हिंग्टन या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाच्या तुकडीने डोंगर उतरून शत्रूच्या पिछाडीची रसद जाळली आणि ती मोहीम तिथेच संपली. एप्रिलमध्ये शिव्हिंग्टन तिचा कर्नल झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेजिमेंटला घोडे मिळाले. घोडे सरकारचे. आपल्या जुन्या शब्दांत हे स्वार बारगीर, शिलेदार नव्हेत.

२९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे शिव्हिंग्टन सुमारे ६७५ स्वार आणि चार छोट्या तोफा घेऊन सँड क्रीकच्या काठी पोचला. तिथे शायान आणि अरापाहो लोकांचा तळ होता. ते तहाची बोलणी करून आले होते आणि फोर्ट लायन या लष्करी ठाण्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून तिथे राहिले होते. शायान प्रमुख ब्लॅक केटलने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण लावलं. दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. प्रेतांची विटंबना झाली. ‘लढाई’ म्हणून चौथऱ्यावर गेलं ते हे.

यावर एक खुलासा वारंवार दिला जातो, आणि तो दिसायला समंजस आहे. दोष ‘थर्ड कोलोरॅडो’चा, असं तो सांगतो. ही रेजिमेंट शंभर दिवसांच्या बोलीवर भरती झालेली. लढाईचं तोंड न पाहिल्यामुळे ‘रक्त न सांडलेली’ अशी तिची टिंगल व्हायची, आणि मुदत संपत आली होती. कच्ची, चिडलेली माणसं. त्यांच्याकडून दुसरं काय व्हायचं? मुरलेल्या ‘फर्स्ट’ला त्यात ओढू नये. हा बचाव इतका सोयीचा आहे की त्याची तपासणी व्हायलाच हवी. मारेकऱ्यांत ‘थर्ड’चे स्वार संख्येने जास्त होते, हे खरं. पण हुकूम देणारा कर्नल ‘फर्स्ट’चा. फोर्ट लायनहून निघालेल्या साधारण सव्वाशे स्वारांचा प्रमुख मेजर स्कॉट अँथनी ‘फर्स्ट’चा. घोड्यांचे कळप तोडायला पुढे धावलेली आणि आधी गोळीबार सुरू करणारी लेफ्टनंट ल्यूथर विल्सनची तुकडीही ‘फर्स्ट’चीच. मग कच्चेपणाचा सिद्धांत कुठे उरतो? युद्ध म्हणजे युद्धच, असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळं उत्तर खर्च करण्याची गरज नाही. ‘त्या काळाच्या मापाने मोजा’ म्हणणाऱ्यांसाठी त्याच काळातला एक साक्षीदार आहे.

तो साक्षीदारही ‘फर्स्ट’चाच. डी कंपनीचा कॅप्टन सिलास सोल, वय २६, मेनमध्ये जन्मलेला, कॅन्ससच्या गुलामगिरीविरोधी झगड्यातून आलेला. आदल्या रात्री फोर्ट लायनमध्ये त्याने या बेताला उघड विरोध केला. सकाळी त्याने आपल्या कंपनीला गोळीबार करू दिला नाही. लेफ्टनंट जोसेफ क्रेमरनेही आपली माणसं आवरली. दोघांनी फोर्ट लायनचा आधीचा प्रमुख मेजर एडवर्ड विनकूप याला पत्रं लिहून जे पाहिलं ते कळवलं. पुढे डेन्व्हरमध्ये चौकशी बसली, तिचा अध्यक्ष लेफ्टनंट कर्नल सॅम्युएल टॅपन. तोही ‘फर्स्ट’चा. आरोप ज्याच्यावर तो, साक्ष देणारा आणि चौकशी करणारा, तिघंही एकाच रेजिमेंटच्या पटावरचे! निर्दोष रेजिमेंट आणि दोषी रेजिमेंट अशी वाटणी करणाऱ्यांना हे कुठल्या खान्यात बसवायचं ते सुचत नाही.

हजर असणं आणि सामील असणं यांतला फरक इथेच पाहायला हवा. सेवा-इतिहासात डी कंपनी आणि विल्सनची तुकडी एकाच तारखेला, एकाच ओढ्याकाठी दिसतात, आणि ती नोंद खोटी नाही. सोलला देव्हाऱ्यात बसवण्याचीही गरज नाही. तो घोड्यावर बसून तिथपर्यंत गेलाच. त्याच्या नकाराने कत्तल थांबली नाही. तरी स्वयंसेवक या शब्दातली स्वेच्छा भरतीच्या कागदावर सही केली की संपते, असं मानणाऱ्यांना तो अडचणीचा ठरतो. पुतळा पाडणाऱ्यांनी आणि सावरणाऱ्यांनीही ही स्वेच्छा सहीपाशीच सोडून दिली. एकाने सगळ्यांना मारेकरी केलं, दुसऱ्याने सगळ्यांना वीर.

शिव्हिंग्टन जानेवारी १८६५ मध्येच सैन्यातून बाहेर पडला होता, म्हणून लष्करी न्यायालयाचा हात त्याच्यापर्यंत पोचला नाही. सोलने फेब्रुवारीत साक्ष दिली. २३ एप्रिलच्या रात्री डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली गेली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्याचं आणि क्रेमरचं पत्र २००० साली उजेडात आलं, आणि त्याच वर्षी सँड क्रीकची जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा झाला. मारल्या गेलेल्यांचे वंशज दर वर्षी सँड क्रीकपासून डेन्व्हरपर्यंत धावत येतात आणि रिव्हरसाइड दफनभूमीत सोलच्या थडग्यापाशी थांबतात.