चुकण्याचा हक्क

आमच्या ओळीतल्या पोरानं शेवटचा बॉल मारला. तो रिंगच्या कडीला लागून बाहेर आला आणि मॅच गेली. गोष्ट एवढीच आहे. पण त्या गोष्टीनं माझी तीन दिवसांची झोप खाल्ली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप म्हणजे काय चीज असते, हे गिरणीत राबणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून लिहायला बसलोय.

पोरगं आमच्या येरवड्याचं. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळतं. मी पाळी सुटल्यावर डब्याची पिशवी घेऊन तसाच ग्राऊंडवर गेलो होतो. सात सेकंद उरलेले. आमची बाजू दोन पॉइंटनं मागं. बॉल ह्याच्या हातात आला तेव्हा हा कमानीसारख्या रेघेच्या बाहेर उभा. त्या रेघेच्या आतून बास्केट झाली तर दोन पॉइंट, बाहेरून झाली तर तीन. डावीकडनं आत घुसायला वाट होती. हा घुसला नाही. उभ्या जागेवरनं त्यानं लांबचा मारला.

त्याच मॅचमध्ये, त्याच टीममधल्या दुसऱ्या एका पोराचे असे तीन लांबचे बॉल वाया गेले होते. तेव्हा लोक म्हणाले, “डेरिंग आहे हां पोरात!” आमच्या पोराचा एक गेला तर मागनं आवाज आला, “ह्यांना घाई फार, डोकं कमी.” माझ्या शेजारचा एक गृहस्थ हसत म्हणाला, “कोट्यातनं आलेला दिसतोय.”

मी गप्प उभा राहिलो. हे माझं चुकलं. ते आधीच कबूल करून पुढं लिहितो.

रात्री पोराच्या घरी गेलो. जेवायला बसलेलं, पण घास उतरत नव्हता. त्याची आई चार घरची भांडी घासून आलेली. ती म्हणाली, “आरं, जवळ जाऊन मारायला काय झालं हुतं तुला? चुकायची चैन आपल्या घरात कुणाला परवडलीय?”

मावशीनं जे विचारलं ते मोठमोठ्या पुस्तकांतल्या प्रश्नांपेक्षा मोठं आहे. अडचणीच्या घडीला माणसानं धोका पत्करावा का? आणि ज्याला चुकणं परवडत नाही, त्यानं तर पत्करावाच का?

आधी हिशेब करू. मी नववीतून शाळा सोडली, पण हिशेब मला येतो. पोरगं म्हणालं, “दादा, मी सरावात लांबनं शंभरातले चाळीस टाकतो. अंगावर माणूस आला तर तीस धरा.” बरं. जवळचा असता तर? गर्दीतनं शंभरातले पन्नास. ऐकणारा लगेच म्हणणार, मग पन्नासवाला सोडून तीसवाला का मारलास? इथंच सगळे फसतात. जवळचा बसला असता तरी मॅच जिंकली नसती, फक्त बरोबरी झाली असती. मग वाढीव पाच मिनिटं. त्यात पुन्हा हार किंवा जीत. त्या पाच मिनिटांत दोघांना सारखीच संधी धरली, तर पन्नासाचे अर्धे पंचवीस. म्हणजे जवळच्या वाटेनं शंभरात पंचवीस वेळा मॅच आपली आणि लांबच्या वाटेनं तीस वेळा. त्यात आमच्या टीमचा सगळ्यात उंच गडी पाच फाऊल होऊन बाहेर बसलेला. म्हणजे ते पंचवीससुद्धा पुरते पंचवीस नव्हते.

मी हे पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर मांडून बघितलं आणि चाट पडलो. ज्याला लोक बिनडोक म्हणाले त्यानंच डोकं चालवलं होतं. ज्याला ‘सेफ’ म्हणतात ती वाट फक्त हार लांबवणारी होती.

मित्रांनो, निर्णय एक असतो आणि निकाल दुसरा. निर्णय माणसाच्या हातात असतो. निकालात वारा असतो, घामेजलेली बोटं असतात, रिंगची कडी असते. पण जग निकाल बघतं आणि निर्णयाला शिव्या देतं.

हे मी माझ्या गिरणीत सोसलंय. मी सूतखात्यात रिंगफ्रेमवर असतो. एका रात्री मला मशीनमधून जळका वास आला. वाटलं बेअरिंग जळतंय. जॉबर जागेवर नव्हता. मी माझ्या अकलेनं फ्रेम बंद केली. फिटर आला, त्यानं उघडून बघितलं, काही सापडलं नाही. चाळीस मिनिटं उत्पादन बंद. मला मेमो मिळाला. दोन महिन्यांनी दुसऱ्या एकानं असाच वास आला म्हणून फ्रेम बंद केली. त्याच्या वेळी बेअरिंग खरंच गेलेलं निघालं. सगळ्या खात्यासमोर त्याची पाठ थोपटली. वास तोच, विचार तोच, बटण दाबणारा हातही तसाच. मग मेमो कशाचा आणि शाबासकी कशाची? दोघांनी जे केलं ते सारखंच होतं. फरक बेअरिंगनं केला.

ही झाली सगळ्याच माणसांची गोष्ट. आपली गोष्ट ह्याच्या पुढं सुरू होते. त्यांचा पोरगा चुकला तर तो पोरगा चुकतो. आपला पोरगा चुकला तर जात चुकते. त्याच्या एका बॉलची पावती आख्ख्या वस्तीच्या नावानं फाडली जाते. म्हणून आपल्या आया पोरांना शिकवतात, जवळचा मार, मान खाली घाल, नोकरी टिकव. हा भित्रेपणा नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पण ह्या हिशेबानं आपल्या वाट्याला काय येतं तेही बघितलं पाहिजे. आमच्या येरवड्यात गोल्फचं मोठं हिरवंगार मैदान आहे. वस्तीतली पोरं तिथं कॅडी म्हणून जात आली. पिशवी पोराच्या खांद्यावर, फटका साहेबाचा. पिशवी वाहणाऱ्याचा नेम कधी चुकत नाही, कारण त्याला नेम धरायलाच मिळत नाही.

पळवणकर बाळू हे नाव आपल्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. चांभाराचा पोर. ह्याच पुण्यात वाढला. 1890 च्या दशकात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पीच सारवायचा, जाळी लावायचा, साहेबांना सरावासाठी तासन्‌तास बॉल टाकायचा. बॉल टाकून टाकून तो देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पण सरावात त्याच्या हातात बॅट दिली जात नव्हती. नीट बघा. टाकणं म्हणजे राबणं, ते त्याचं काम. फटका मारणं म्हणजे मर्जी, धोका, शान, ते साहेबाचं. पुढं हिंदूंच्या संघात तो आला, कारण जिंकायला तो लागत होता. मैदानात त्याचा बॉल चालत होता, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. 1906 साली हिंदू संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं त्यात तो होता. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला दिलं नाही. कर्णधार म्हणजे कोण? अडचणीच्या घडीला निर्णय घेणारा. चुकला तर चुकण्याचा हक्क असलेला. तो हक्कच त्याला द्यायचा नव्हता.

1920 साली बाळूला संघातून वगळलं आणि त्याचा भाऊ विठ्ठल ह्याचा कर्णधारपदाचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर पत्रक काढून संघाबाहेर पडले. हाच त्यांचा लांबचा बॉल होता. खेळ कायमचा सुटला असता. जवळची वाट सोपी होती, ती म्हणजे गप्प बसा आणि खेळत राहा. त्यांनी ती घेतली नाही. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्या साली हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

समुद्रापलीकडंही तेच. 1966 साली अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्न कॉलेजनं सुरुवातीचे पाचही गडी काळे उतरवले. समोर केंटकीचा सगळा गोरा संघ. काळी पोरं पळतात, उड्या मारतात, पण दडपणाखाली डोकं ठेवून खेळणं त्यांना जमत नाही, असा तिथं समज होता. ती पोरं 72–65 अशी जिंकली. मी त्यांचा विचार करतो तेव्हा जिंकण्यापाशी थांबत नाही. ती हरली असती तर? तेवढीच चांगली खेळून हरली असती तर तो समज खरा ठरला असता काय? नाही. पण लोकांनी तो खरा ठरवला असता. आपल्याला माणूस ठरायला दर वेळी जिंकावं लागतं. त्यांना नुसतं असावं लागतं. विषमता म्हणतात ती हीच.

आता त्या ‘कोट्या’वाल्या गृहस्थाकडं येतो. जी रेघ त्याच्या डोळ्यांसमोर आखलेली होती ती त्याला दिसली नाही. बास्केटबॉलमध्ये पूर्वी सगळ्या मैदानी बास्केटींना दोनच पॉइंट होते. अमेरिकेच्या धंदेवाईक एनबीएनं 1979 साली आणि जागतिक संघटनेनं 1984 साली नियम घेतला, की लांबून टाकणाऱ्याला तीन. आधी रेघ सव्वासहा मीटरवर होती, 2010 पासून ती पावणेसात मीटरवर आहे. त्या जास्तीच्या एका पॉइंटाला कुणी सवलत म्हणत नाही. कुणी म्हणत नाही, की हा पोरगा फुकटचा पॉइंट घेतोय, ह्यानं गुणवत्ता बुडवली. का? कारण अंतर सगळ्यांना दिसतं. ते टेपनं मोजून जमिनीवर आखलेलं असतं. आमचं अंतर हजारो वर्षांचं आहे, पण ते जमिनीवर आखलेलं नाही. म्हणून खेळात टाळ्या पिटणारा माणूस समाजात तोंड वाकडं करतो.

इथपर्यंत मी पोराच्या बाजूनं बोललो. पण खरं बोलायचं तर दुसरी बाजूही बघितली पाहिजे. धोका स्वतःचा असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचं पणाला लावायचं असेल तर वेगळी. आणि ह्या गोष्टीचा सगळ्यात मोठा धडा आमच्या येरवड्यातच पडलेला आहे.

1932 च्या ऑगस्टमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. बाबासाहेबांनी लढून मिळवलेले. 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात त्यांच्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. बाबासाहेबांपुढं दोन वाटा. अडून राहायचं तर हक्क जवळ राहतो. पण गांधीजी गेले असते तर गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांचं काय झालं असतं? जाळपोळ झाली असती ती बाबासाहेबांच्या घराची नव्हे, दूरच्या खेड्यातल्या झोपडीची. तिथल्या म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुझं घर पणाला लावू का? 24 सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतांच्या कायदेमंडळांत 71 च्या जागी 148 राखीव जागा आल्या. त्या करारावर सही करणाऱ्यांत तो पळवणकर बाळूही होता. करारानं आपलं किती गेलं ह्यावर आपण भांडतो आणि भांडलंच पाहिजे. पण बाबासाहेबांनी तो लांबचा बॉल मारला नाही, म्हणून त्यांना कुणी कमी धीराचा म्हणेल काय? धोका न पत्करणं हेही कधी कधी जास्त छातीचं काम असतं. छाती मारण्यात नाही आणि न मारण्यातही नाही. पणाला कुणाचं लागलंय हे ओळखण्यात आहे.

म्हणून मी पोराला विचारलं, “तू एकट्यानं ठरवलंस का रं?” तो म्हणाला, “न्हाय दादा. टाइमआउटमध्ये ठरलं हुतं. कोच म्हणाले, तुझ्याकडं बॉल येईल, मोकळा असलास तर तिथनंच मार. सगळ्यांनी हाताला हात लावला.” मग माझ्या मनातली शेवटची गाठ सुटली. ज्यांचं पणाला होतं त्यांना विचारलेलं होतं. हिशेब बरोबर होता. हात सरावाचा होता. ह्यापुढं माणसाकडं मागण्यासारखं काही उरत नाही. बॉल बाहेर आला ही वाईट गोष्ट आहे, पाप नव्हे.

मावशीला मी हे पाकिटाच्या पाठीवरचं गणित समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “तुजं खरं असंल बाबा. पर लोकं कुटं गणित करत्यात?” ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लोक गणित करत नाहीत, हे खरंच आहे. पण आपण तरी करू या. आपल्याच घरातलं पोर चुकून घरी आलं तर आपण आधी विचारू, की कशासाठी मारलास, काय विचार केलास, कुणाला विचारलंस. निकाल नंतर. बाहेरच्यांनी जो हक्क दिला नाही, तो निदान आपल्या उंबऱ्याच्या आत तरी पोराला मिळू दे. तिथंच मिळाला नाही तर ते पुन्हा कधी रेघेबाहेरनं मारणार नाही.

रविवारी ते पुन्हा सरावाला गेलं. सिमेंटचं ग्राऊंड, जाळी नसलेली रिंग. मी कडेला बसून मोजत होतो. काही बसले, काही गेले. गेले की ते बॉलमागं पळायचं, आणायचं, पुन्हा रेघेबाहेर उभं राहायचं.

आता एक काम माझ्याकडं राहिलंय. त्या दिवशी मी गप्प बसलो होतो. तो गृहस्थ पुन्हा कधी शेजारी भेटला आणि म्हणाला, कोट्यातनं आलाय, तर मी त्याला सांगणार आहे, “न्हाय साहेब, पावणेसात मीटरवरनं आलाय. जरा मोजून बघा.”