एकाच कप्प्यात

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहर संपून शेतं लागतात त्या भागात अण्णांचं किराणा दुकान आहे. माणूस मूळचा सांगलीकडचा. रात्री उशिरा दुकान बंद करायचं आणि दिवसाचा गल्ला घेऊन अंधाऱ्या रस्त्याने घर गाठायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. जवळच्या पेट्रोल पंपावर लूटमार झाली तेव्हा काकूंनी धोशा लावला, "पैसे घरी आणूच नका." अण्णांनी पिस्तूल घेतलं.

घेतलं ते अगदी रीतसर. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेक लोकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. अण्णांना ते काही पटेना. त्यांनी परवान्यासाठी वर्ग केला, लेखी परीक्षा दिली. नेमबाजीच्या चाचणीत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्या झाडाव्या लागतात, तीही उत्तम गुणांनी पार केली. पुढेही रविवारी ते सरावाला जात. वर्गात शिकवलेलं त्यांना पाठ होतं: पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, लायसन्ससोबत शस्त्राचा परवाना दाखवायचा, आणि पिस्तूल कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

हे सगळं त्यांनी स्वतःपुरतं शिकून घेतलं होतं. पिस्तूल असायचं डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि त्याच कप्प्यात, पिस्तुलाच्या खालीच, गाडीच्या विम्याचा कागद. पोलीस हमखास मागतो तो कागद आणि पोलिसाने पाहिलं तर त्याच्या छातीत धस्स व्हावं ती वस्तू, अशी दोन्ही एकाच झाकणाआड होती. शिवाय तो कप्पा चालवणाऱ्याच्या समोर नसतो, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे असतो. हे कधी अण्णांच्या ध्यानात आलं नाही.

पुतण्या पुण्याहून एमएस करायला आलेला. सुट्टीला काकांकडे राहायला आला आणि शनिवारी रात्री सोबत म्हणून दुकानात थांबला. काका पिस्तूल बाळगतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला इथला केंद्रीय कायदा, मोजके अपवाद सोडले तर, मनाई करतो. म्हणून तर त्याला सांगणं जास्त गरजेचं होतं. पण 'पोरगं उगाच घाबरेल' या मायेपोटी अण्णा गप्प राहिले.

निम्मा रस्ता झाला असेल नसेल, मागे लाल-निळे दिवे चमकले. अण्णांनी गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला, हात स्टिअरिंगवर ठेवले. शेरीफचा डेप्युटी आला तो पुतण्याच्या बाजूने. रस्त्यावरच्या वाहनांपासून लांब राहता यावं म्हणून इकडचे पोलीस पुष्कळदा असे उजवीकडून येतात. हातात टॉर्च. मागचा एक दिवा बंद आहे, म्हणाला. लायसन्स आणि विमा दाखवा.

आता पुण्यात वाढलेल्या पोराची सवय काय? चौकात मामांनी अडवलं की गाडी बाजूला लावायची, चटकन उतरायचं, ते चिडायच्या आत कागद काढून हातावर ठेवायचे, दोनदा 'साहेब' म्हणायचं. तिथे लगबग म्हणजे नम्रपणा. पुतण्या त्याच भल्या मनाने पुढे झुकला आणि त्याने कप्प्याच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"थांब! उघडू नकोस तो!" अण्णा ओरडले, आणि ओरडले मराठीत. जिवाची भीती वाटली की माणसाच्या तोंडून दुसरी कुठली भाषा निघतच नाही.

डेप्युटीच्या बाजूने पाहा. रात्रीची वेळ, निर्मनुष्य रस्ता, न कळणाऱ्या भाषेतली आरोळी, आणि त्याच क्षणी एका तरुणाचा हात कप्प्याकडे. डेप्युटीचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. पण पिस्तूल बाहेर आलं नाही. तो दोन पावलं मागे सरकला, दाराच्या खांबाआड उभा राहिला आणि म्हणाला, "कुणीही हलू नका. आता मला नीट सांगा."

स्टिअरिंगवरचे हात जराही न हलवता अण्णांनी इंग्रजीत सांगितलं: माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल या कप्प्यात आहे, विम्याचा कागद त्याच्याच खाली आहे, आणि या मुलाला यातलं काहीच माहीत नाही. पुतण्याचं बोट अजून खटक्यावरच होतं. ते काढायचं की तसंच ठेवायचं, हेही त्याला उमजेना. डेप्युटीने सांगितलं, "हात सावकाश मांडीवर घे." मग दोघांना एकेक करून खाली उतरवलं. चालकाला असं उतरायला सांगण्याचा पोलिसांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली मान्य केला; त्या खटल्यातही साध्या कारणासाठी अडवलेल्या चालकाच्या कमरेला पिस्तूल सापडलं होतं. डेप्युटीने पिस्तूल रिकामं केलं, कागद तपासले, मागच्या दिव्याबद्दल लेखी समज दिली आणि पिस्तूल परत करून ते डिकीत ठेवायला लावलं.

निघताना तो अण्णांना म्हणाला, "तुमच्या गाडीत काय आहे ते शेजारी बसणाऱ्याला माहीत नसेल, तर ते मला सांगून अर्धंच काम होतं."

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. कप्प्यातला विम्याचा कागद काढून त्यांनी वरच्या सनव्हायझरला रबर लावून अडकवला, आणि मगच बोलल्या, ते मात्र बरंच बोलल्या. अण्णांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी. पण मी वेळेवर बोललो म्हणून निभावलं. आधी सांगितलं की काही होत नाही."

पुतण्या त्या रात्री झोपला नाही. रात्रभर तो फोनवर वाचत बसला. "काका," तो सकाळी म्हणाला, "फिलँडो कॅस्टिलनेही आधी सांगितलं होतं."

6 जुलै 2016. मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला लागून असलेलं फाल्कन हाइट्स. कॅस्टिल बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, शाळेच्या जेवणघरात पर्यवेक्षक. कुठल्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे त्याला तोंडपाठ असायचं, असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. अडवायचं सांगितलेलं कारण ब्रेकलाइट. खरं तर त्याचा चेहरा एका दरोड्यातल्या संशयितासारखा वाटतो, असं पोलिसाने आधीच वायरलेसवर कळवलं होतं. कॅस्टिलने विम्याचं कार्ड दिलं आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचं आदराने, 'सर' म्हणून सांगितलं. त्याच्याकडे परवाना होता. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे पोलिसाने विचारल्यावरच हे सांगणं बंधनकारक आहे; त्याने न विचारता सांगितलं. पोलीस म्हणाला, काढू नकोस. तो म्हणाला, काढत नाही. मैत्रीणही तेच म्हणाली. काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. त्याआधीच्या वर्षांत त्याला चाळीसहून अधिक वेळा रस्त्यात अडवलं गेलं होतं, बहुतेकदा किरकोळ कारणांसाठी. 2017 च्या जूनमध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं.

पुतण्याने हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. परवाना काढला, नियम पाठ केले, नम्रपणे बोललो की आपण सुरक्षित, असं धरून ते चालले होते. त्या रात्री ते नियमाने वागलेही. पण ते वाचले ते त्या डेप्युटीने गोळी झाडण्याऐवजी दोन पावलं मागे घेतली म्हणून. शस्त्र बाळगायचा हक्क कायद्याने दिला असेल, तर तो हक्क बजावणाऱ्याला जिवंत घरी जाऊ देण्याची जबाबदारीही त्याच कायद्याच्या माणसावर येते. ती कुठल्या रात्री कोण उभा आहे यावर, किंवा आत बसलेल्याच्या कातडीच्या रंगावर सोडून चालत नाही. हे मला फार कळकळीने वाटतं, आणि बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनीही इथे तरी एकमत करावं.

मिनेसोटात कॅस्टिलच्या आईने, व्हॅलरी कॅस्टिल यांनी, पाठपुरावा केला. शस्त्र जवळ असताना पोलिसाने अडवलं तर काय करायचं, हे आज त्या राज्याच्या चालक-पुस्तिकेत छापलेलं आहे. टेक्सासने 2017 मध्ये कायदा करून रस्त्यावरच्या अशा भेटीत कसं वागावं हे शाळांतून शिकवायचं ठरवलं. त्याच कायद्यात पोलिसांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे.

पुढच्या रविवारी अण्णा सरावाला गेले नाहीत. मराठी मंडळातले चार-पाच जण घरी आले होते. त्यांतल्या दोघांना कुठलं पिस्तूल घ्यावं ते विचारायचं होतं. अण्णांनी त्यांना अंगणात नेऊन ज्याच्या त्याच्या गाडीचा कप्पा रिकामा करायला लावला. तिघांच्या कप्प्यांत कागदांचा गठ्ठा निघाला. एकाच्या कप्प्यात पिस्तूलही होतं, आणि त्याची मुलगी नुकतीच त्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकायला लागली होती. अण्णांनी त्याला तिथल्या तिथे बायको-मुलीला बोलावून घ्यायला सांगितलं, आणि मुलीला स्टिअरिंगवर हात ठेवून बसवून, पोलिसाला काय सांगायचं ते तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. इंग्रजीत.

मग काउंटीच्या शेरीफची नागरिकांसोबत बैठक असते तिथे ते गेले. आधी त्या डेप्युटीचे आभार मानले. मग विचारलं, परवानाधारकाने शस्त्राची माहिती दिल्यावर तुमचा माणूस पुढच्या दहा सेकंदांत काय करतो, हे तुम्ही शिकवता का, किती तास शिकवता, आणि शेजारी बसलेला माणूस गोंधळला तर काय करायचं तेही त्यात आहे का? मंचावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या बैठकीत लेखी उत्तर देतो, म्हणाले. त्या बैठकीला अण्णांसोबत काकूही जाणार आहेत. पुतण्याने प्रश्नांची यादी टाइप करून ठेवली आहे.