पसरलेला हात आणि आपली नजर



चेन्नईतील मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास पंगुनी उत्सव होतो. त्यात एके दिवशी त्रेसष्ट नायनमार शिवभक्तांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. त्या दिवशी लोक जागोजागी मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक, पानक आणि भात वाटतात. सेवेसाठी तिकडे गेलो असताना मीही रांगेत उभा राहून ताक घेतले. हात पुढे करताना जराही संकोच वाटला नाही. थोड्याच वेळाने मंदिराच्या तलावाजवळ बसलेल्या एका आजींनी माझ्यापुढे हात केला आणि मी मोबाइलमध्ये पाहू लागलो.

सोबतचा मित्र म्हणाला, "इथे सरकार सगळे देते. मग भीक कशाला? बंदीच हवी." ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. तमिळनाडूत 2011 पासून रेशनचा तांदूळ मोफत मिळू लागला. 2013 मध्ये चेन्नई महापालिकेने अम्मा उपाहारगृहे सुरू केली आणि एक रुपयात इडली मिळू लागली. बंदीचे कायदेही जुनेच आहेत. मद्रासचा कायदा 1945 चा, तर आपला मुंबईचा 1959 चा. मुंबईच्या कायद्यात पहिल्यांदा सापडलेल्यालाही एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद आहे.

पण मोफत तांदळाला शिधापत्रिका लागते आणि तो शिजवायला चूल लागते. ज्याला घर नाही, ज्याचे मन थाऱ्यावर नाही, ज्याला चालता येत नाही, तो योजनेपर्यंत पोहोचणार कसा? दिल्लीत लागू असलेल्या मुंबईच्याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. दारिद्र्यामुळे माणूस हात पसरतो, ही बाब न्यायालयाने लक्षात घेतली.

म्हणून बंदीची मागणी करण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. मला नेमके काय संपवायचे आहे? समोरच्याची भूक, की त्याला पाहून मला होणारा त्रास? भूक संपवायची असेल तर काम फार मोठे आहे. त्रासच संपवायचा असेल तर तो माणूस नजरेआड झाला तरी पुरते. अशा बंदीला कल्याण म्हणता येणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक हातावर नाणे ठेवावे, असाही नाही. मुलाला भीक मागायला लावणे हा 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार गुन्हा आहे. तिथे आपले नाणे त्या मुलाला राबवणाऱ्याच्याच खिशात जाऊ शकते. अशा वेळी 1098 ला फोन करणे हेच दान. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग भाकरी घेत. कष्टाविना खाणे त्यांना मान्य नव्हते. तरीही त्यांच्या दशसूत्रीत बेकाराला रोजगार आहे, तसे भुकेल्याला अन्नही आहे. भुकेल्याने आधी आपली लायकी सिद्ध करावी, अशी अट त्यांनी घातली नाही.

मैलापूरच्या देवाचे नाव कपाली, म्हणजे हाती कवटी घेतलेला. ती कवटी हेच त्याचे भिक्षापात्र. याच उत्सवात शिव भिक्षाटन रूपात, म्हणजे भिक्षेकरी होऊन, रस्त्यावर येतो. तेव्हा आपण हात जोडतो. तलावाजवळच्या आजींपुढे मात्र माझी मान खाली गेली, तीही मोबाइल पाहण्यासाठी. मांडवातले ताक घेताना मला कोणी विचारले नव्हते, "तू धडधाकट आहेस, मग हात का पसरतोस?"

येत्या आठवड्यात एवढे करून पाहा. पैसे द्या किंवा देऊ नका, पण नजर चुकवू नका. जमल्यास विचारा, "आजी, जेवलात का?" उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबा. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, औषध किंवा निवारा यांपैकी काय अडले आहे, ते तेव्हाच कळेल. तिथूनच आपल्या सेवेला सुरुवात होईल.