यादीतला पहिला नंबर

2025च्या जून महिन्यात तळेगाव दिघ्याला भाऊसाहेबांच्या कृषी सेवा केंद्रात गेलेल्या माणसाला युरियाच्या गोणीबरोबर इंजिनिअरिंगचे कटऑफही ऐकून यावे लागत. पोरगी बारावी झाली होती, सीईटीचा निकाल लागला होता आणि उधारीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर भाऊसाहेबांनी पुण्या-नाशकाच्या कॉलेजांचे जुने आकडे उतरवून काढले होते. ऋतुजाला 93 पर्सेंटाइल मिळाले होते. गिऱ्हाईक म्हणायचं, "त्र्याण्णव टक्के! नशीब काढलं पोरीनं." भाऊसाहेब दुरुस्त करत नसत. पण टक्के वेगळे आणि पर्सेंटाइल वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पीसीएमची परीक्षा दिलेली मुलं चार लाखांच्या वर. म्हणजे आपल्या पोरीच्या पुढं साधारण तीस हजार उभी आहेत, हा हिशेब त्यांनी केव्हाच मांडला होता आणि त्यापायी त्यांची झोप उडाली होती.

या माणसाबद्दल वाईट मत होण्याआधी त्यानं काय काय केलं ते सांगून टाकतो. नॉन-क्रिमीलेअर दाखला पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारा लागतो, हे शेजारच्या चार घरांना ऐनवेळी कळलं. भाऊसाहेबांनी तो मे महिन्यातच काढून ठेवला होता. जातवैधता, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे कागद एका प्लास्टिकच्या फायलीत ओळीनं लावलेले. त्यासाठी भर उन्हात दुकान बंद ठेवून संगमनेरच्या तहसील कचेरीत किती खेटे घातले, ते तिथल्या शिपायाला विचारावं. 2024पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींची शिक्षण फी माफ झाली आहे, तरी हॉस्टेल आणि मेस उरतेच; त्यासाठी त्यांनी एक कालवड विकायचं मनात ठरवून टाकलं होतं. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून एका ॲडमिशन काउन्सेलरला पंधरा हजार रुपये मोजून छापील यादीही आणली होती. यादीत 120 पर्याय. पहिले साठ कॉम्प्युटर, आयटी, एआय आणि डेटा सायन्स. कॉलेजं बहुतेक नवी, पुण्याच्या बाहेरच्या रस्त्यांवरची.

ऋतुजानं यादी पाहिली आणि म्हणाली, "चालेल."

तिच्या आईचं, मंदाचं, म्हणणं वेगळं होतं. संगमनेरात अमृतवाहिनीसारखं कॉलेज असताना पोरीला पुण्याला कशाला धाडायची? पण घरातला हा सगळा उद्योग नवऱ्यानं अंगावर घेतलेला, त्यामुळे ती बोलून मोकळी होई आणि भाकरी थापायला लागे.

ऑप्शन फॉर्म भरायला बाप-लेक संगमनेरच्या एका महा ई-सेवा केंद्रात गेले. तिथला संदीप हा पोरगा, डिप्लोमा अर्धवट सोडलेला. जुलै महिन्यात तालुक्यातल्या निम्म्या इंजिनिअरांचं भवितव्य त्याच्या कीबोर्डावरून जातं. त्यानं छापील यादी हातात घेतली, दोन पानं उलटली आणि हसला.

"काका, हीच यादी सोमवारी कोपरगावच्या एका पोरानं आणली होती."

"अशी कशी? आपल्या पोरीच्या मार्कांवर केलीय."

"त्याला 86 पर्सेंटाइल होते. हे बघा, 27 नंबरचं कॉलेज परत 41ला आलंय. त्याच्याही यादीत असंच होतं."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, "असू दे. टाक तू."

संदीपनं पहिला पर्याय टाकला आणि हात थांबवला. तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. सवय म्हणा किंवा स्वतःचं काही राहून गेलं असेल म्हणून म्हणा. तो ऋतुजाकडं वळला. "ताई, पहिल्या फेरीत पहिला नंबर लागला तर सीट आपोआप फ्रीज होते. मग पुढची फेरी नाही, काही नाही. समजा उद्या हेच लागलं. तुला आनंद होईल का?"

"होईल की," भाऊसाहेब म्हणाले.

"काका, तुम्हाला नाही विचारलं."

केंद्रात आणखी सात-आठ जण होते. ऋतुजा स्क्रीनकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "नाही."

भाऊसाहेबांनी फाईल उचलली. फॉर्मची मुदत संपायला अजून दोन दिवस होते, तेवढंच काय ते बरं.

परतीच्या वाटेवर स्प्लेंडरवर कुणी बोललं नाही. निळवंड्याचा डावा कालवा रस्त्याला आडवा येतो तिथं भाऊसाहेबांनी गाडी उभी केली आणि विचारलं, "कॉम्प्युटर नको तर काय पाहिजे?"

"सिव्हिल."

"सिव्हिल?" त्यांच्या डोळ्यांपुढं गावातल्या ठेकेदाराकडचा पोरगा आला. चार वर्षं शिकून साइटवर उन्हात उभा, पगार पंधरा हजार, तोही तीन महिन्यांनी एकदा. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"माहितीये मला. त्याला मी रोज बघते. कॉम्प्युटरवाली पोरं दिवसभर काय करतात ते मी बघितलेलं नाही. तुम्ही पण नाही."

मग ती कालव्याबद्दल बोलायला लागली. या कालव्याची हकीकत त्या भागात सगळ्यांना पाठ आहे. आज्यानं ऐकलेलं धरण नातवाच्या लग्नापर्यंत पुरं होईना, अशी थट्टा तिथं पिढ्यान्‌पिढ्या चाले. टँकरच्या मागं हंडे घेऊन पळण्यात मंदाची उमेदीची वर्षं गेली. 2023च्या उन्हाळ्यात चाचणीचं पाणी पहिल्यांदा सुटलं, तेव्हा माणसं नारळ, हळद-कुंकू घेऊन कालव्यावर धावली. ऋतुजा तेव्हा दहावी होऊन बसलेली. भाऊसाहेबांनीच तिला गाडीवर आणलं होतं. त्यांनी पाण्याला नारळ वाढवला आणि लोकांत मिसळून गेले; ही काठाकाठानं बरंच पुढं चालत गेली होती. पोरगी कंटाळली असेल असं वाटून त्यांनी तिला हाका मारल्या होत्या.

"85 किलोमीटरचा कालवा आहे, पप्पा. एकही पंप नाही. नुसत्या उतारावर पाणी येतं. उतार जरा जास्त झाला तर पाणी काठ खातं, कमी पडला तर गाळ बसून कालवा भरतो. मध्ये ओढे आहेत, रस्ते आहेत, टेकाडं आहेत. हे कुणीतरी आधी कागदावर मांडलं असणार ना? मला ते शिकायचंय."

"मग हे आधी का नाही बोललीस? यादी आणली तेव्हा चालेल म्हणालीस."

"तुम्ही एवढे हेलपाटे घातले. पंधरा हजार दिले. कालवड विकायची म्हणता. मग मी नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

भाऊसाहेबांनी तीस वर्षं उधारीवर दुकान चालवलं होतं. ज्याची बाकी थकलेली असते ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकत नाही, आणि आपल्या दुकानात आलं तर भावही विचारत नाही. पुढ्यात टाकाल ती गोणी मुकाट उचलून नेतं. असली गिऱ्हाइकं त्यांनी बक्कळ पाहिली होती आणि खरं सांगायचं तर ती त्यांना सोयीचीही वाटत आली होती. त्यांनी गाडीला किक मारली. घर येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "कालवड तशीही विकायचीच होती. दूध कमी देणाऱ्या गाईची आहे ती."

हे खोटं होतं.

त्या रात्री त्यांनी सीईटी सेलची माहितीपुस्तिका मोबाईलवर उघडली. इतके दिवस कटऑफ पाठ करण्याच्या नादात ती वाचायची राहिली होती. वाचता वाचता त्यांचा एक मोठा गैरसमज फिटला. वरचं कॉलेज मागितलं आणि मिळालं नाही तर नंबर वाया जातो, मग खालचंही हातचं जातं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं आणि त्यांनी ते दहा जणांना सांगितलेलं. तसं काही नसतं. गुणवत्ता यादीत तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथं पहिल्यांदा जागा सापडेल तिथं थांबतो. वर दहा अवघड नावं लिहिली म्हणून अकराव्यावरचा हक्क तसूभर कमी होत नाही. तोटा एकाच गोष्टीत आहे. नको असलेलं नाव वर लिहिलं तर ते मिळू शकतं. आणि यंदा नियम आणखी कडक होता: पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर फ्रीज, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला तर फ्रीज, तिसरीत पहिल्या सहांतला. संगणक कुणाची समजूत काढत बसत नाही, तुम्ही जे लिहिलं ते खरं धरतो.

सकाळी त्यांनी ऋतुजासमोर कोरा कागद ठेवला आणि दुकानाला गेले. दिवसभरात तीनदा काहीतरी निमित्त काढून घरी आले, पण कागदाकडं बघितलं नाही. निदान मंदाला तसं दाखवलं.

संध्याकाळी यादी झाली होती. पहिला सीओईपी पुणे, सिव्हिल. दुसरा मुंबईचं व्हीजेटीआय, सिव्हिल. तिसरा अंधेरीचं सरदार पटेल, चौथा सांगलीचं वालचंद. 1854 सालापासूनचं कॉलेज पहिल्या नंबरावर बघून भाऊसाहेबांच्या तोंडून "हे आपल्याला कसलं लागतंय" निघता निघता राहिलं. पण खाली आल्यावर त्यांना दिसलं की सिव्हिलच्या चौदा पर्यायांनंतर पोरीनं कॉम्प्युटरही लिहिलं होतं, नाशिकचं आणि संगमनेरचं.

"हे माझ्यासाठी टाकलंस?"

"नाही. सिव्हिल कुठंच चांगलं नाही लागलं तर मला ते चालेल. तुमच्यासाठी हे," असं म्हणून तिनं शेवटचा, 31वा पर्याय दाखवला. तो काउन्सेलरच्या यादीतला पहिला होता. मंदा एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

फॉर्म संदीपकडंच भरला. त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि भाऊसाहेब त्या वेळी मुद्दाम बाहेर चहाच्या टपरीवर उभे होते.

पहिल्या फेरीत चौथा पर्याय लागला, वालचंद. भाऊसाहेबांना सांगली चालली असती. 1947चं कॉलेज, नाव मोठं. "फ्रीज करून टाक" हे शब्द अगदी ओठांवर आले. ऋतुजानं जागा स्वीकारली आणि बेटरमेंट घेतलं, म्हणजे जागा हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीची वाट बघायची. पुढचे काही दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय आला आणि नियमाप्रमाणे आपोआप फ्रीज झाला. सीओईपी हुकलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि भाऊसाहेबांनी "जाऊ दे, अंधेरी काय वाईट आहे" असलं काही म्हटलं नाही. ताट झाकून ठेवलं. मंदानं मात्र अंधेरी किती लांब आहे ते एसटीच्या तासांत मोजलं आणि मिळालेल्या जागेवर तिघांत सगळ्यात जास्त तीच रडली.

दिवाळीत दुकानावर रामनाथ आला. त्याचा पोरगा यंदा बारावीला. "भाऊसाहेब, तुमच्या पोरीची यादी द्या की एक झेरॉक्स. आपलं काम होऊन जाईल."

भाऊसाहेबांनी गल्ल्याखालून प्लास्टिकची फाईल काढली आणि त्यातला एक कागद पुढं सरकवला. त्यावर दाखल्यांची नावं होती, कोणता कुठल्या खिडकीवर मिळतो, कशाला किती दिवस लागतात आणि कशाची मुदत केव्हा संपते, सगळं तारीखवार.

"हे दाखल्यांचं झालं," रामनाथ म्हणाला. "कॉलेजांची यादी?"

"ती पोरगा करील. तुम्ही नॉन-क्रिमीलेअरचं आत्ताच बघा. आणि सोमवारी जाऊ नका, तहसीलला गर्दी असते."